व्हीचा व आणि डब्ल्यूचा व

गेल्या शनिवारी नाना पेठेतील ऑइलच्या एका दुकानात, सात-आठ अनोळखी माणसांच्या साक्षीने, मला इंग्रजी मुळाक्षरे येत नाहीत असे सिद्ध झाले. मी व्यवसायाने मुद्रितशोधक आहे. तीस वर्षे लोकांच्या ऱ्हस्वदीर्घांवर लाल शाई ओतून पोट भरणाऱ्या माणसाला ही गोष्ट किती झोंबते, हे सांगून कळण्यासारखे नाही. आणि आज बुधवार उजाडला तरी ती झोंबतेच आहे.

घडले ते एवढेच. गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. तेथील तरुणाने फोन करून, घरातले कोणी अत्यवस्थ असावे तशा हळव्या आवाजात कळवले की, ऑइल पार काळे झाले आहे, फुल सिंथेटिक टाकावे लागेल आणि सोबत इंजिन फ्लशिंगही करून घेतलेले बरे. आकडा ऐकून मी गाडी तशीच परत आणली आणि आपले तेल आपण विकत आणायचे ठरवले. नाना पेठेत गाडी लावायला जागा शोधण्यात गेलेला पाऊण तास येथे गाळतो.

"कोणतं?" दुकानदाराने मान वर न करता विचारले.

"चांगलं द्या."

"वाईट आम्ही ठेवत नाही."

येथवर सर्व रीतसर चालले होते. माझ्या शेजारी पांढऱ्या हाफ शर्टातले, पंचाहत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ उभे होते. हेल्मेट डोक्याऐवजी कोपरात अडकवलेले, हातात कापडी पिशवी, पिशवीत स्कूटरसाठी घेतलेली २०डब्ल्यू-४० ची एक बाटली. त्यांचे काम झालेले होते. ते केव्हाच घरी जाऊ शकत होते, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

"गाडी पेट्रोल की डिझेल?" त्यांनी मला विचारले. मी पेट्रोल म्हणालो. त्यांनी मांडणीवरची एक बाटली, दुकानदाराला न विचारता, खाली काढली आणि तिच्यावरच्या ५डब्ल्यू-३० या अक्षरांखाली अंगठ्याचे नख टेकवले. त्या नखाच्या कडेला काळी रेघ होती, पाटीवरच्या पेन्सिलीसारखी बारीक आणि सरळ. चाळीस वर्षे इंजिनांच्या टेस्ट बेडवर काढल्याचे त्यांनी पुढे सांगितले, पण ती रेघ पाहून मला ते आधीच कळायला हवे होते आणि मी तेथून निघायला हवे होते.

"यातला डब्ल्यू म्हणजे काय?"

"विस्कॉसिटी," म्हणजे तेलाचा दाटपणा, असे मी म्हणालो. विश्वासाने म्हणालो, हे दुःख अधिक आहे.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, व्हिस्कॉसिटी व्हीने सुरू होते."

दुकानात शांतता पसरली. मागे गिअर ऑइलसाठी थांबलेले एक रिक्षावाले काका पुटपुटले, "विंटर." पुटपुटले म्हणजे सर्वांना ऐकू जाईल इतके. गॅरेजचा पोऱ्या फिसकन हसला. दुकानदाराने इतक्या वेळात प्रथमच मान वर करून माझ्याकडे पाहिले.

आता माझी बाजू मांडतो. आपल्या भाषेत वांगे, वकील, विमान आणि विहीर हे सारे एकाच वाने सुरू होतात आणि त्यामुळे आजवर कोणाची विहीर आटलेली नाही. व्हीचा व निराळा आणि डब्ल्यूचा व निराळा, हा भेद ज्यांनी निर्माण केला त्यांनी तो निस्तरावा. शिवाय पुण्याच्या माणसाला तेलाच्या बाटलीवर हिवाळा कसा सुचावा? पाच डब्ल्यूच्या तेलाची परीक्षा उणे ३० अंशांना होते. इंजिन फिरू शकेल इतपत ते पातळ राहते का, हे पाहतात. पुण्यात आजवर नोंदलेले नीचांकी तापमान १.७ अंश आहे आणि तेही १९३५ सालच्या जानेवारीतले. आमचा आणि बर्फाचा संबंध हवामान खात्याच्या शिमला ऑफिसच्या चौकापुरता, आणि ते ऑफिससुद्धा १९२८ मध्ये शिमल्याची थंडी सोडून इकडे आले. पण हे सारे मला रविवारी रात्री अंथरुणात सुचले. शनिवारी मी नुसता "हो का?" म्हणालो.

"मग पुण्यात थंडीचं तेल कशाला?" एवढे मात्र मी विचारले, आणि तेथेच दुसऱ्या खड्ड्यात पाय घातला.

"कारण सकाळी तुम्ही चावी फिरवता तेव्हा रात्रभरात सगळं तेल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. ते वरच्या भागापर्यंत पोहोचेतो धातूवर धातू घासतो. पातळ असलं तर लवकर पोहोचतं. पुढचा तीस गरम इंजिनाचा, शंभर अंशांचा. आता सांगा, इंजिन तापल्यावर हे तेल घट्ट होतं की पातळ?"

पाचाचे तीस होतात म्हणजे वाढते, असा सरळ हिशेब करून मी "घट्ट" म्हणालो.

या वेळी पोऱ्या हसला नाही. त्याला माझी दया आली असावी.

"तापल्यावर कुठलं तेल घट्ट होतं?" गृहस्थ म्हणाले. "तुमच्या घरातलं तूप होतं का? पातळच होतं. फक्त याच्यात पॉलिमर असतात. गारठ्यात ते अंग चोरून बसतात आणि तापलं की हातपाय पसरतात, म्हणून हे एकदम पाण्यासारखं होत नाही. शंभर अंशांना तीस नंबरचं तेल जेवढं पातळ, तेवढ्यावर थांबतं."

मला डोळ्यांसमोर पीएमपीएमएलच्या बसमधले, खिडकीशी आधी बसलेले गृहस्थ दिसले आणि गोष्ट एकदम पटली. तसे मी म्हणालो नाही. मग सर्व्हिसिंगवाल्याच्या काळ्या तेलाची हकीकत सांगून सहानुभूती मिळते का ते पाहिले.

"धुणं पिळल्यावर पाणी काळं निघालं म्हणून तुम्ही साबणाला नावं ठेवता का? काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. किलोमीटर किती झाले ते बघायचं, रंग काय बघता? बरं, गाडीबरोबर आलेली पुस्तिका वाचलीत?"

मी गप्प.

"काय करता आपण?"

"पुस्तकं तपासतो," मी म्हणालो, आणि या उत्तराने झालेल्या हशाचे वर्णन मी करणार नाही.

पुस्तिका अर्थात गाडीतच होती, डॅशबोर्डाच्या कप्प्यात, अकरा वर्षे प्लास्टिकच्या पिशवीत सुखरूप. गृहस्थ माझ्याबरोबर गाडीपर्यंत आले. सगळा प्रश्न तिच्यात दोन ओळींत सुटलेला होता: ५डब्ल्यू-३०, एपीआय या अमेरिकी संस्थेची एसएन श्रेणी, फिल्टरसह ३.१ लिटर. त्यांनी पावतीच्या पाठीवर ते सारे उतरवून दिले, "एसपी लिहिलेलं असलं तरी चालेल, पेट्रोलला नवं अक्षर जुन्याचं काम करतं" असे बजावले आणि स्कूटरला किक मारून निघून गेले. हेल्मेट कोपरातच होते.

घरी येऊन मी साडेतीन लिटरच्या बाटलीवरचा मजकूर मुद्रित तपासावे तसा तपासला. ज्यांच्या वर्णमालेपायी माझी अब्रू गेली, त्यांच्या वर्णमालेत एसएचनंतर थेट एसजे आहे, मग एसएल, एसएम, एसएन आणि २०२० मध्ये एसपी. मधले आय, के आणि ओ कोठे आहेत? माझ्या हातून तीन अक्षरे गळली असती तर प्रकाशकाने पैसे कापले असते. आणि ज्या 'फुल सिंथेटिक'साठी तो हळवा तरुण मला लुटणार होता, त्या शब्दाला तरी कोणता धर्म आहे? खनिज तेलावरच कठोर प्रक्रिया केली तरी ते सिंथेटिक म्हणून विकता येईल, असा निवाडा अमेरिकेत जाहिरातींचे तंटे सोडवणाऱ्या संस्थेने १९९९ मध्ये दिला. म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणे चालते, हजारो रुपये जादा घेणे चालते. चालत नाही ते एका सभ्य माणसाने व्हीच्या जागी डब्ल्यू ऐकणे. मला राग आहे तो याचा. पुस्तिकेतल्या दोन ओळी त्या तरुणाला पाठ असणार. त्याने त्या फोनवर वाचून दाखवल्या असत्या तर मी नाना पेठेत गेलोच नसतो.

गृहस्थांची पावती माझ्यापुढे टेबलावर आहे. अक्षर मोत्यासारखे. शेवटची ओळ, तेलाची पातळी दाखवणाऱ्या सळईबद्दलची, अशी: "गाडी सपाट जागी ऊभी करून, ईंजिन बंद केल्यावर पाच मिनीटांनी डिपस्टीक पहाणे."

एका ओळीत पाच चुका. मी लाल पेन काढले. 'उभी' केले, 'इंजिन' केले, 'मिनिटांनी' आणि 'डिपस्टिक' केले, आणि मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम वर्षानुवर्षे जे ओरडून सांगत आहेत त्यानुसार 'पहाणे'चे 'पाहणे' केले. पावती पुस्तिकेत ठेवून पुस्तिका कप्प्यात ठेवली.

डिपस्टिक अजून पाहिलेली नाही. आमच्या पार्किंगला उतार आहे.