लादीवर थेट शीट? आधी लादीखाली काय आहे ते बघा

नेरुळला ताईचं पाळणाघर आहे, जुन्या इमारतीत, तळमजल्यावर. गेल्या आठवड्यात तिने मला एक मेसेज पाठवला, 'बघ, किती स्वस्तात होतंय.' पालकांच्या ग्रुपवर आलेला. दोन दिवसांत तोच ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग सासऱ्यांकडूनही. मेसेज म्हणतो: न घसरणारं सेफ्टी फ्लोअरिंग, म्हणजे व्हाइनिलची शीट, जुन्या लादीवर थेट चिकटवा. तोडफोड नको, लेव्हलिंग (खालची फरशी सपाट करणं) नको. फरशी एक दिवस पंख्याखाली वाळवली की पुरे. ओल असली तरी चालते, कारण व्हाइनिल वॉटरप्रूफ असतं. सकाळी काम सुरू, संध्याकाळी वापरायला तयार.

ताई ॲडव्हान्स द्यायला निघाली होती. मी चौदा वर्षं हेच काम करतोय, दवाखाने, लॅब, शाळा. त्यामुळे गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक मुद्दा आधी. 'व्हाइनिल वॉटरप्रूफ, म्हणून खालची ओल चालते.' अहो, वॉटरप्रूफ आहे म्हणूनच चालत नाही! लादी उघडी असते तेव्हा ओल सांध्यांतून थोडी थोडी वर येते आणि हवेत उडून जाते. म्हणून ती आपल्याला दिसत नाही. वर शीट चिकटवली की तिची वाटच बंद. मग ती शीटखाली साठते, सिमेंटमधला अल्कली बरोबर घेऊन येते आणि ग्लू सोडवते. त्यात नेरुळ-वाशीचा पट्टा खाडीकाठचा, सखल. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला सिडकोला इथे होल्डिंग पॉन्ड करावे लागले, यावरून जमीन कशी आहे ते कळावं. जुन्या बांधकामात कोब्याखाली, म्हणजे लादीखालच्या सिमेंटच्या थराखाली, ओल अडवणारा प्लास्टिकचा थर असेलच असंही नाही.

असं बिघडलेलं एक काम मी स्वतः उघडलंय, तळमजल्यावरच्या एका छोट्या दवाखान्यात. शीटला आलेला फुगा कटरने कापला तर आतून कुबट वास आला. ग्लू काकवीसारखा झाला होता, पात्याला तार सुटत होती. आणि फुगा कुठे, तर बरोबर दारात, जिथे पेशंट चप्पल काढून आत पाऊल टाकतात. माणूस घसरू नये म्हणून घातलेली शीट, आणि तिच्यातच म्हाताऱ्यांना ठेच लागत होती. पाळणाघरात तर पोरं नुकती पाऊल टाकायला शिकलेली असतात.

ताईला नुसतं सांगून पटलं नाही, म्हणून दाखवलं. वॉशरूमच्या दाराजवळच्या चार लाद्या हातानेच निघाल्या. खालचा कोबा झाडून घेतला. हाताला अगदी कोरडा लागत होता. त्यावर दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा तुकडा ठेवून चारी कडा टेपने बंद केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भाताच्या झाकणाला आतून धरतात तसे थेंब प्लास्टिकला धरले होते, आणि कोबा काळपट पडला होता. तिने मेसेज तिथल्या तिथे डिलीट केला. एक मात्र लक्षात ठेवा: प्लास्टिक कोरडं राहिलं म्हणजे फरशी कोरडी असं ठरत नाही. थेंब आले तर ओल नक्की आहे, एवढंच यातून कळतं.

'एक दिवस पंखा लावा.' अशी शीट लावण्याच्या कामासाठी ब्रिटिश मानक आहे, बीएस 8203. बाकीचं सगळं विसरलात तरी हे धरून ठेवा. हायग्रोमीटरचा (हवेतली आर्द्रता मोजणाऱ्या यंत्राचा) डबा फरशीवर हवाबंद चिकटवायचा, रीडिंग स्थिर होईपर्यंत थांबायचं, आणि डब्यातली आर्द्रता 75 टक्के किंवा त्याखाली असेल तरच शीट लावायची. नवा कोबा वाळण्याचा त्यांचा ढोबळ हिशेब आहे दिवसाला 1 मि.मी., तोही 50 मि.मी. जाडीपर्यंत, पुढे वेग आणखी मंदावतो. म्हणजे दोन इंची कोब्याला चांगल्या हवेतही सुमारे 50 दिवस. आपल्याकडे जुलैत हवाच 80 टक्क्यांच्या आसपास, तिथे पंखा काय वाळवणार? 28 दिवसांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, तो सिमेंटच्या ताकदीचा आहे, वाळण्याचा नव्हे.

'लेव्हलिंग नको.' ही शीट साधारण 2 मि.मी. जाड असते. खालचा प्रत्येक सांधा काही दिवसांत वर उमटतो आणि उंच कडा आधी झिजतात. त्याच मानकात उत्तम दर्जाच्या फरशीसाठी 2 मीटरच्या पट्टीखाली जास्तीत जास्त 3 मि.मी. फरक चालतो. तुमच्या लादीवर पट्टी ठेवून बघा. बाथरूमचं मात्र वेगळं आहे. तिथे आपोआप पसरणारं लेव्हलिंग ओतलं तर नहाणी ट्रॅपकडचा उतारच बुजतो, पाणी साचतं. तिथे हाताने, थापीने, उतार राखूनच भरायचं.

'तोडफोड नको' हे कधीकधी खरं आहे, मान्य करावं लागेल. वरच्या मजल्यावर, ठोकून पाहिल्यावर कुठेही पोकळ आवाज न येणारी, घट्ट बसलेली लादी असेल तर ती राहू द्यावी. पण तिच्यावरचं पॉलिश आणि तेलकटपणा काढून, ग्राइंडिंग करून, प्रायमर आणि लेव्हलिंगचा थर देऊनच. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

'संध्याकाळी वापरायला तयार' यावर काय बोलायचं! ताईचं आता असं ठरलंय: दिवाळीच्या सुट्टीत लादी काढून, खाली प्लास्टिक टाकून नवा कोबा करायचा. थंडीतल्या कोरड्या हवेत तो वाळेल. फेब्रुवारीत डबा लावून रीडिंग घेऊ. 75 किंवा त्याखाली आलं तर शीट, नाहीतर आधी ओल अडवायला इपॉक्सीचे दोन कोट. तोवर पोरं कोब्यावर सतरंजी टाकून बसतील, आणि वॉशरूमच्या दारात रबरी मॅट मी कालच नेऊन दिली.