'हाय नून' संथ? अजिबात नाही!

वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेतल्या काउबॉय-बंदुकांच्या, सिनेमांवरच्या आणि पुस्तकांवरच्या एका लेखात लेखकाने 'रिओ ब्राव्हो'ला (१९५९) डोक्यावर घेतलंय आणि 'हाय नून'ला (१९५२) संथ म्हणून निकालात काढलंय. पहिला मलाही आवडतो, पण हे पटलं नाही. 'हाय नून' जेमतेम ८५ मिनिटांचा सिनेमा, त्यात पडद्यावरचं घड्याळ जवळपास आपल्या घड्याळाबरोबर चालतं. आणि तो चर्चमधला प्रसंग! गावचा मार्शल (पोलीसप्रमुखच म्हणा) केन चालून येणाऱ्या गुंडांविरुद्ध मदतीला माणसं मागायला येतो. वादावादी होते. मग गावातलं एक वजनदार प्रस्थ उठतं, केनचे उपकार भरभरून सांगतं. आता हा साथ देणार असं वाटतं, तोच तो म्हणतो, इथे गोळीबार झाला तर बाहेरून येणारा पैसा थांबेल, तू निघून जा.

सोसायटीतलं झाड वाचवायला मी दारोदार सह्या मागत फिरले, तेव्हा हेच अनुभवलं. कौतुक सगळ्यांनी केलं, सहीच्या वेळी पाय मागे. तरी फिरले, पुन्हाही फिरेन.

त्याच लेखातल्या पुस्तकांच्या यादीत अमेरिकन कादंबरीकार कॉनरॅड रिक्टर नाही, याचं फार वाईट वाटलं. जी. ए. कुलकर्णींनी त्याच्या कादंबऱ्या मराठीत आणल्यात: 'रान', 'शिवार', 'गाव'. ओहायोच्या घनदाट जंगलात झाडांना वैरी मानून कुऱ्हाड चालवणारी बाई म्हातारपणी, तिथेच वसलेल्या शहरात, हौसेने झाडं लावते. बंदुकांचे बार फारसे नाहीत, पण वस्ती कशी उभी राहते ते इतकं जवळून मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आधी 'रान' घ्या, तिन्ही क्रमानेच वाचा.