गोलीच्या आईचं म्हणणं

माझा मुलगा आइस हॉकीत गोलरक्षक आहे. इथे अमेरिकेत सगळे 'गोली' म्हणतात, आमच्या घरातही तोच शब्द रुळलाय. हे मी गोलीची आई म्हणून लिहितेय आणि विषय आहे बॉस्टन ब्रुइन्सचा 2022-23 चा हंगाम. एप्रिल आला, प्लेऑफची चर्चा सुरू झाली, की विक्रमी हंगामानंतर प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत हरलेल्या त्या संघाला कुणीतरी 'इतिहासातले सगळ्यात मोठे चोकर्स' म्हणून पुन्हा उकरून काढतं. परवा आमच्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर तेच झालं. तिथे चार ओळींत उत्तर देणं मला जमलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये, ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येक संघ 82 सामने खेळतो. जिंकलं की 2 गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलं तर 1. मग 16 संघ प्लेऑफला जातात आणि तिथे सातांपैकी आधी चार जिंकेल तो पुढे. अशा चार फेऱ्या पार केल्या की स्टॅन्ली कप, म्हणजे विजेतेपदाचा चषक.

त्या वर्षी ब्रुइन्स 65 सामने जिंकले. 12 साध्या वेळेत हरले, 5 जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये. एकूण 135 गुण. त्याआधीचा विजयांचा विक्रम 62 चा, डेट्रॉइटचा 1995-96 मधला आणि टँपाचा 2018-19 मधला. गुणांचा विक्रम 132, माँट्रियलचा, तोही 1976-77 पासून कुणाला मोडता आला नव्हता. बॉस्टननं दोन्ही एकाच आठवड्यात मोडले. आणि हा संघ हंगामाच्या सुरुवातीला कुणाच्याच खिजगणतीत नव्हता, हे लोक विसरतात. जूनमध्ये प्रशिक्षक ब्रूस कॅसिडीला काढलं होतं. ब्रॅड मार्शंडच्या दोन्ही खुब्यांवर शस्त्रक्रिया झाली होती, चार्ली मॅकअव्हॉयच्या खांद्यावर. नवे प्रशिक्षक जिम मॉन्टगोमेरी आले तेव्हा आमच्या रिंकवरचे (बर्फाच्या मैदानावरचे) जुने लोक म्हणत होते की प्लेऑफ गाठलं तरी पुष्कळ झालं.

त्यात कर्णधार पात्रिस बर्जरन आणि डेव्हिड क्रेची. दोघंही वयानं पस्तिशीपुढचे, दोघंही 2011 च्या कपविजेत्या संघातले. क्रेची तर एक वर्ष आपल्या देशात, चेकियात, खेळून परत आला होता. बर्जरननं 25 लाख डॉलर मूळ पगारावर सही केली, क्रेचीनं 10 लाखांवर, वरचं सगळं बोनसच्या रूपात. त्यांच्या दर्जाच्या खेळाडूंसाठी हे अगदीच कमी. पगाराच्या मर्यादेत संघाला इतर चांगले खेळाडू ठेवता यावेत, यासाठी ते होतं. शेवटचा एक प्रयत्न करू या, असं त्या दोघांनी ठरवलं होतं आणि ते सगळ्या संघाला माहीत होतं. म्हणून मला हा हंगाम आकड्यांपेक्षा जास्त लागून राहिलाय.

घरच्या मैदानावरचे पहिले चौदाच्या चौदा सामने जिंकले. अशी सुरुवात कुठल्याच संघानं केली नव्हती. 2 जानेवारीला फेनवे पार्कात, बेसबॉलच्या मैदानावर बर्फ घालून, पिट्सबर्गला 2-1 नं हरवलं. दोन्ही गोल जेक डीब्रस्कचे, आणि त्याच सामन्यात त्याच्या पायाचं हाड मोडलं. डेव्हिड पास्टर्नाकचे 61 गोल झाले. त्यांच्याबद्दल लिहिणारे खूप आहेत. मला गोलींबद्दल लिहायचंय.

लीनस उलमार्क आणि जेरेमी स्वेमन. एक स्वीडनचा, एक अलास्काचा. मॉन्टगोमेरींनी वर्षभर दोघांना आळीपाळीनं खेळवलं, उलमार्कला थोडं जास्त. उलमार्कचे 40 विजय आणि साध्या वेळेतले फक्त 6 पराभव. शंभरातले जवळजवळ 94 फटके त्यानं अडवले. स्वेमनचे 24 विजय. फेब्रुवारीत व्हँकूव्हरला शेवटच्या मिनिटात समोरच्या संघानं हल्ल्याला एक जादा खेळाडू आणायला आपला गोली बाहेर काढला होता, तेव्हा उलमार्कनं स्वतः पक (खेळायची रबरी चकती) काठीनं उचलून संपूर्ण रिंकच्या पलीकडच्या रिकाम्या जाळीत टाकला. ब्रुइन्सच्या गोलीनं केलेला तो पहिला गोल. आमच्याकडे त्या रात्री झोपायला कुणी तयार नव्हतं.

आणि प्रत्येक विजयानंतर ते दोघं मिठी मारायचे. नुसती पाठ थोपटणं नाही. दोघंही ते अवाढव्य पॅड्स घालून समोरासमोर यायचे, काही हातवारे करायचे आणि एकमेकांना कवेत घ्यायचे. जो बाकावर बसलेला असायचा त्याच्या चेहऱ्यावर खेळलेल्याइतकाच आनंद असायचा. माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. गावाच्या संघात दोन गोली, एका सामन्याला हा, एका सामन्याला दुसरा. त्या वर्षी जानेवारीपासून या दोघांनीही तशी मिठी मारायला सुरुवात केली.

गोलीच्या आईला काय वाटतं ते बाकीच्या पालकांना सांगून कळत नाही. फॉरवर्ड चुकला तर पक दुसऱ्याकडे जातो. गोली चुकला तर त्याच्या मागे लाल दिवा लागतो. पहाटे पावणेसहाला त्या गार रिंकमध्ये बाकीचे आईबाप कॉफी घेऊन एकत्र बसतात, गोलींच्या आया मात्र एका टोकाला काचेजवळ उभ्या असतात. बसवतच नाही. माझी आणि त्या दुसऱ्या मुलाच्या आईची मैत्री तिथेच झाली. तिचा मुलगा खेळत असेल तेव्हा मी तिच्याजवळ उभी राहायची, माझा खेळत असेल तेव्हा ती. दोन गोली असणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. खुब्यांना आणि मांड्यांना विश्रांती मिळते ती आहेच, कारण एका सामन्यात गोली कितीतरी वेळा गुडघ्यांवर आपटतो आणि उठतो. पण एखादा वाईट दिवस आला तर तो आपल्या एकट्याच्या डोक्यावर नाही, हेही असतं.

आता प्लेऑफकडे येते. पहिल्या फेरीत समोर फ्लोरिडा पँथर्स. त्यांचे 92 गुण, म्हणजे आपल्यापेक्षा 43 कमी. पिट्सबर्ग आणि बफेलोपेक्षा एका गुणानं पुढे राहून ते कसेबसे आत आले होते. बर्जरन पहिले चार सामने खेळू शकला नाही. 13 एप्रिलला माँट्रियलमध्ये, हंगामाच्या अगदी शेवटच्या सामन्यात, त्याची पाठ दुखावली. विक्रम तोपर्यंत झाले होते, पहिलं स्थान कधीच पक्कं झालं होतं. तो मूळचा क्यूबेकचा, माँट्रियल त्याच प्रांतात, त्यामुळे तिथे खेळावंसं वाटलं असेल तर मी त्याला काही बोलणार नाही. मधले काही सामने क्रेचीही बाहेर होता. तरीही चार सामन्यांनंतर बॉस्टन 3-1 असं पुढे होतं. आणि त्या चारही सामन्यांत सुरुवातीपासून गोलमध्ये उभा होता उलमार्क.

माझं भांडण इथे आहे. ऑक्टोबरपासून जी पद्धत चालली, जिच्यावर हे 65 विजय उभे राहिले, ती प्लेऑफला का सोडली? प्लेऑफमध्ये एकच गोली खेळवायचा हा या खेळातला जुना समज आहे. प्रशिक्षकांनी त्या समजावर भरवसा ठेवला, आपल्या डोळ्यांसमोर सहा महिने जे घडलं त्यावर नाही. उलमार्क दुखापतीसह खेळतोय अशी बातमी मालिका चालू असतानाच आली होती. 26 एप्रिलचा पाचवा सामना म्हणजे 3-1 ची आघाडी, घरचं मैदान आणि ताजातवाना स्वेमन बाकावर. तेव्हा त्याला उतरवायचं होतं. नाही उतरवलं. साध्या वेळेच्या अगदी शेवटी मार्शंड एकटा पक घेऊन सुटला होता, तो फटका सर्गेई बोब्रोव्स्कीनं पायानं अडवला. मग जादा वेळेत उलमार्क जाळीच्या मागे पक खेळवायला गेला, त्याच्याकडून तो निसटला आणि मॅथ्यू काचकनं गोल केला. 4-3. दमलेल्या माणसाची चूक होती ती. मला ती माझ्या मुलात ओळखता येते, म्हणून तिथेही ओळखली. सहाव्या सामन्यात पाच गोल करूनही हरलो, सात खाल्ले.

आणि मग सातव्या सामन्याला, सगळं एका रात्रीवर आलेलं असताना, स्वेमनला सांगितलं की आज तू. मालिकेत तोवर एकही सामना त्याला सुरुवातीपासून मिळाला नव्हता. तो 24 वर्षांचा होता. त्याची रात्र वाईट गेली असं मी कधीच म्हणणार नाही. 0-2 वरून संघानं 3-2 केलं होतं. गोल क्रेची, बर्टुझी आणि तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या, सत्रात पास्टर्नाकचे. शेवटच्या मिनिटात ब्रँडन माँटूरनं बरोबरी साधली. जादा वेळेच्या नवव्या मिनिटाला कार्टर व्हरहेगीनं गोल केला आणि हंगाम संपला.

रविवारची रात्र होती, 30 एप्रिल. इथे बॉस्टनजवळ, आमच्या फ्रेमिंगहॅममध्ये, साडेनऊच्या सुमारास सगळं घर गप्प, आणि नाशकात 1 मेची सकाळ झालेली. फोनवर महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छांवर शुभेच्छा येत होत्या. थोड्या वेळानं सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. माझा चेहरा बघूनच म्हणाल्या, "हरले का गं?" मी म्हटलं, "हो आई." तर म्हणाल्या, "अगं, पण वर्षभर जिंकत होते ना ते? मग त्याचं काही धरत नाहीत का?" काय सांगणार? घरच्या मैदानावर सबंध हंगामात 41 पैकी साध्या वेळेत फक्त 4 हरलेला संघ दोन आठवड्यांत तिथेच 3 हरला होता. नाही धरत, असंच मी त्यांना सांगितलं. त्यांचा तो प्रश्न मला आजही चुकीचा वाटत नाही.

कारण चोकर्स म्हणणाऱ्यांना समोरचा संघ दिसतच नाही. फ्लोरिडानं त्यानंतर टोरंटोला फक्त एक सामना दिला, कॅरोलायनाला तोही नाही. अंतिम फेरीत ते लास व्हेगासकडून हरले आणि व्हेगासचे प्रशिक्षक कोण, तर बॉस्टननं वर्षापूर्वी काढलेले ब्रूस कॅसिडी. पुढे 2024 ला आणि 2025 ला फ्लोरिडा लागोपाठ कप जिंकलं. असा संघ एका वर्षात तयार होत नाही, तो तेव्हाच तयार होत होता. आणि बॉस्टनला हे पहिल्यांदा झालं असंही नाही. 1970-71 मध्ये बॉबी ऑर आणि फिल एस्पोझिटोचा संघ सगळे विक्रम मोडून आला होता. माँट्रियलनं पहिल्याच फेरीत केन ड्रायडन नावाचा जेमतेम सहा सामने खेळलेला पोरगा गोलमध्ये उभा केला आणि सात सामन्यांत बॉस्टनला घरी पाठवलं. त्या संघाला आज इथे कुणी चोकर्स म्हणत नाही. ऑरचा तर गार्डनबाहेर, म्हणजे ब्रुइन्सच्या घरच्या रिंकबाहेर, पुतळा आहे. त्याच 2023 च्या नोव्हेंबरात आपला क्रिकेट संघ लागोपाठ दहा सामने जिंकून अहमदाबादला हरला. तेव्हा ग्रुपवरच्या याच मंडळींनी त्या दहा विजयांचं मोल कमी होऊ दिलं नव्हतं. मग या 65 चं का?

माझ्या म्हणण्याला पुढच्या वर्षीचा आधारही आहे. 2024 ला टोरंटोविरुद्ध त्याच मॉन्टगोमेरींनी पहिल्या सामन्याला स्वेमन, दुसऱ्याला उलमार्क, तिसऱ्याला पुन्हा स्वेमन उतरवला. स्वेमन लयीत आला तेव्हा पुढे त्यालाच ठेवलं. ती मालिकाही सातव्या सामन्यात, जादा वेळेत, त्याच गार्डनमध्ये सुटली. पास्टर्नाकनं गोल केला, बॉस्टन 2-1 नं जिंकलं. पुढच्या फेरीत फ्लोरिडानं हरवलं, ते खरंय. पण त्या वेळी जाळीत उभा असलेला पोरगा तिथे अचानक ढकललेला नव्हता.

तोपर्यंत बर्जरन आणि क्रेची मात्र गेले होते. बर्जरननं जुलै 2023 मध्ये निवृत्ती जाहीर केली, क्रेचीनं ऑगस्टमध्ये. जून 2024 ला उलमार्क ओटावाला गेला, नोव्हेंबरात मॉन्टगोमेरींना काढलं, आणि मार्च 2025 मध्ये मार्शंड चक्क फ्लोरिडाला गेला आणि तीन महिन्यांत त्यांच्याबरोबर कप उचलला. त्याच्यासाठी मला आनंद झाला. मुलाला व्हायला थोडे दिवस लागले.

त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. मालिका संपली की दोन्ही संघ रांगेत उभे राहून एकमेकांशी हात मिळवतात, हरलेलेही. तो रिवाज मला या खेळात फार आवडतो. ते झाल्यावर बर्जरन बर्फावरच थांबला आणि आत जाणाऱ्या आपल्या एकेका खेळाडूला मिठी मारत राहिला. त्याचा हा शेवटचा सामना असणार हे बघणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. नवऱ्यानं टीव्ही बंद करायला रिमोट उचलला, तर मुलगा म्हणाला, "बाबा, थांबा." पडद्याच्या अगदी जवळ जाऊन तो काहीतरी शोधत होता. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "आई, स्वेमनला कुणी जवळ घेतलं का?"

कॅमेरा बर्जरनवर होता. मीही उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि शोधायला लागले.