उपसा सुरू झाल्यावर पाहणार कोण?

डहाणूजवळच्या समुद्रात होऊ घातलेल्या वाढवण बंदराचा विषय निघाला की डहाणूचा माझा मामेभाऊ विचारतो, "तुमच्याकडे मेलबर्नला लोकांचं ऐकतात का रे?" ऐकतात, पण फार हुरळून जाऊ नये.

मेलबर्नला मोठी जहाजं यावीत म्हणून २००८-०९ मध्ये पोर्ट फिलिप उपसागरातून दोन कोटी घनमीटरहून जास्त वाळू, गाळ आणि खडक उपसला. त्याआधी २००५ मध्ये मुखाशी चाचणी झाली, तेव्हा फुटलेले खडक खोल घळीत कोसळले आणि तिथल्या स्पंज या समुद्री जीवांची नासाडी झाली. पहिला पर्यावरण अहवाल तज्ज्ञांच्या समितीला अपुरा वाटला, नवा करावा लागला. पाणबुडे आणि किनाऱ्यावरचे रहिवासी 'ब्लू वेजेस' नावाने एकत्र येऊन कोर्टात गेले. हरले.

मला महत्त्वाचं वाटतं ते हरल्यानंतरचं. ड्रेजर, म्हणजे उपसा करणारं जहाज, तळाशी सोंड टेकवून वाळू-पाणी ओढतो, पोट भरलं की वरचं गढूळ पाणी समुद्रातच सोडतो. त्या गढूळपणाची मर्यादा आधीच ठरवली होती. नजर ठेवायला वेगळं कार्यालय होतं, मोजणीचे आकडे लोकांसमोर येत. वर दहा कोटी डॉलरची हमी. नुकसान झालं तर पैसा तयार.

तरी पोर्टसीच्या किनाऱ्यावरची वाळू नंतर गेली. उपशामुळे की नाही, हा वाद मिटलेला नाही, आणि पहारा देणारं कार्यालय मात्र काम संपल्यावर काही काळातच आटोपलं.

शिवाय इथे विरोध करणाऱ्या बहुतेकांचं पोट त्या पाण्यावर नव्हतं. डहाणूच्या मांगेला मच्छीमारांचं आहे. म्हणून "एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द" ही घोषणा मला हट्टाची वाटत नाही. पण जानेवारी २०२४ ची जनसुनावणी झाली, जूनमध्ये केंद्राची मंजुरीही आली: ७६,२२० कोटींचा प्रकल्प, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, म्हणजे उपसाही आलाच. लढा चालू राहो. सोबत दुसरा तगादाही आत्ताच लावायला हवा, कारण ड्रेजर आल्यावर कुणी दाद देत नाही. गढूळपणाची मर्यादा किती, ती ओलांडली तर काम थांबवण्याचा अधिकार कोणाला, त्या समितीत मच्छीमार सोसायटीची माणसं किती आणि भरपाईची रक्कम आधी कुठे जमा होणार? रोजचे आकडे मराठीत, होड्या निघण्यापूर्वी, बंदरावरच्या फळ्यावर लागले पाहिजेत. आणि ही देखरेख उपसा संपल्यावर निदान दहा वर्षं तरी चालू राहिली पाहिजे. मेलबर्नने नेमकं तेच केलं नाही.