वाराला एक पुडी

गेल्या महिन्यात गुडघ्यांच्या दुखण्यासाठी आत्या चंदगडहून आमच्याकडं आली. बेळगावात दाखवलं, रक्त तपासलं, व्हिटॅमिन डी कमी निघालं. औषध दुकानातल्या पोराने आठ पुड्या तिच्या हातात ठेवल्या आणि घाईत सांगितलं, "वारक्क ओंद." कन्नडात वार म्हणजे आठवडा. आत्याला कन्नड येत नाही, पण 'वार' तिला कळला. सोमवारची एक, मंगळवारची एक, अशी रोज रात्री दुधातून. माझ्या लक्षात आलं तेव्हा शनिवार होता आणि ती सहावी फोडायला बसली होती. हात धरला तर माझ्यावरच, "वाराला एक म्हणालाय की रे तो!"

एका पुडीत ६०,००० युनिट. बी आणि सी जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं, डी चरबीत साठून राहतं. फार साठलं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. मग मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, आणि पुढं मूत्रपिंडाचं दुखणं. डॉक्टरांनी पुड्या बंद करून कॅल्शियम बघितलं, ठीक निघालं. पाचावर निभावलं. महिनोन्‌महिने असं चाललं असतं म्हणजे? दुकानांच्या पाट्यांवरून आमच्याकडं एवढं रान पेटतं, पण पुडीवर 'आठवड्यातून एकदा' कुठल्या भाषेत लिहायचं यावर मोर्चा निघालेला मी तरी बघितला नाही.

बाबांचं वेगळंच. वडगावात उभा जन्म मागावर गेला, त्यामुळं तळपायांना मुंग्या येऊ लागल्या तेव्हा ते म्हणाले, मागाचंच दुखणं. वर्षभर 'ताकदीसाठी' कॅल्शियमच्या गोळ्या आणि लोहाचं टॉनिक चाललं. साखरेची गोळी किती वर्षं चालू आहे, हे कुणी विचारलंच नाही. बारा वर्षं मेटफॉर्मिन, त्यात माणूस माळकरी, आणि दूध प्यालं की पोट बिघडतं म्हणून तेही बंद. बी १२ मिळतं मांस, मासे, अंडी, दुधातून. भाकरी-आमटीत ते नसतं. थोडंफार पोटात गेलं तरी मेटफॉर्मिनमुळं ते अंगी कमी लागतं. वर त्या टॉनिकात फॉलिक ॲसिड. त्यानं रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि बी १२ नसल्यामुळं नसांची चाललेली झीज आत तशीच चालू राहते. शेवटी तपासलं, इंजेक्शनं सुरू झाली, मुंग्या कमी आल्या. उजव्या तळव्याला मात्र अजून चप्पल निसटलेली कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच की 'ताकदीची गोळी' हा शब्द दुकानातून हद्दपार करा. जे कमी आहे ते द्या, गुण येतो आणि चांगला येतो. दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर बाळाच्या मणक्यातले काही जन्मदोष टळतात. यात वाद नाही. पण धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या माणसाने मल्टिव्हिटॅमिन खाऊन काय मिळवायचं? लघवी पिवळीधमक होते, ती बी २ ची कमाल. लोक म्हणतात औषध लागू पडलं!

काही वेळा नुकसानच होतं. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन, म्हणजे अंगात ज्याचं व्हिटॅमिन ए होतं ते, देऊन बघितलं. १९९४ साली निकाल आला, तर फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायचा सोडून वाढलेला. आमचे निपाणीचे मामा विडी ओढतात आणि फुप्फुसासाठी म्हणून तीच गोळी घ्यायचे. त्यांना हे सांगितलं. त्यांनी गोळी सोडली, विडी चालू आहे.

आईची लोहाची गोळी सकाळच्या चहाबरोबर असायची. चहा लोहाला अडवतो, म्हणून ती आता लिंबूपाण्याबरोबर घेते. चहा तासाभराने. या तासाभरावरून घरात रोज कुरकुर असते.

आत्या परत गेली. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखा मी उरलेल्या तीन पुड्यांवर मार्करने मोठ्या मराठी अक्षरांत लिहून दिल्यात. काल तिचा फोन आला, "तारीख कळली रे, पण त्या दिवशी एकादशी आहे. दुधातून चालंल नव्हं?"