सुतावरून स्वर्ग

गेल्या संक्रांतीच्या सुमारास सदरा घेण्यासाठी एका खादीच्या दुकानात गेलो असताना कोपऱ्यातल्या काचेच्या बरणीत उभ्या करून ठेवलेल्या टकळ्या मला दिसल्या आणि सदरा घ्यायचा राहून गेला. वीतभर लांबीची पोलादी काडी, तिच्या खालच्या टोकाशी एक पितळी चकती आणि वरच्या टोकाला सूत अडकवण्यापुरती खाच, एवढाच तो ऐवज. दिवसाचे नऊ तास संगणकावर तक्ते भरणाऱ्या आणि संध्याकाळी हातात धरून दाखवण्यासारखे काहीही नसणाऱ्या माणसाला अशी वस्तू फार चटकन भुरळ घालते. पेळूंची, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळ्यांची, पुडी बांधून देताना दुकानातल्या बाईंनी विचारले, "घरी कुणाला येतं का?" मी म्हणालो, "शिकेन की." त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचा अर्थ मला आठवड्याभराने कळला.

वास्तविक टकळीचे शास्त्र चार ओळींत मावते. एका हाताने टकळीला गिरकी द्यायची, दुसऱ्या हाताने पेळू हळूहळू वर ओढत न्यायचा, तंतूंना पीळ बसला की त्याचे सूत होते; ते काडीवर गुंडाळायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. अडचण एवढीच, की पीळ नेहमी बारीक जागेकडे धावतो. सूत जिथे आधीच बारीक झालेले असते तिथे तो इतका बसतो की ते तटकन तुटते, आणि जिथे कापसाचा जाड गोळा आरामात पडून असतो तिकडे तो फिरकतही नाही. (आमच्या कार्यालयातली कामाची वाटणी नेमकी याच तत्त्वावर होते.) पहिल्या संध्याकाळी अडीच तासांत माझे दीड हात सूत निघाले आणि ते अजीर्ण झालेल्या गांडुळासारखे दिसत होते.

आमच्या घराण्यात तोंडाची टकळी कुणाचीच कधी थांबलेली नाही. हाताची चालवणारा मीच पहिला, अशी माझी समजूत होती. आईचे वय ७९. शेजारच्या खुर्चीत बसून ती माझी झटापट पाहत होती. तिच्या लहानपणी, पन्नासच्या दशकात, शाळेत सूतकताईचा तास असे, हे मला ठाऊक नव्हते. "दे इकडे," म्हणून तिने टकळी घेतली, खाली एक वाटी ठेवून तिच्यात टेकवली आणि मालिकेतल्या सासूवरची नजर न काढता हातभर लांब, एकसारखे, बारीक सूत काढून दाखवले. मी थक्क झालो. "अगं, इतकं सुरेख येतं, तर रोज का कातत नाहीस?" असे मी विचारल्यावर ती म्हणाली, "तुला पाढे येतात ना? मग रोज का म्हणत नाहीस?"

सुतावरून स्वर्ग गाठतात असे म्हणतात. माझा स्वर्ग कौलारू होता. सोफ्यावर बसून टकळी नीट फिरत नाही, त्यासाठी जमिनीवर मांडी घालावी लागते. जमिनीवर मांडी घालायची तर खाली चकचकीत फरशी नको, शेणाने सारवलेली भुई हवी. भुई सारवायची तर ओसरी हवी, ओसरी म्हटली की पुढे चौक आला, चौकात तुळशीवृंदावन आले, मागे माजघर, माजघरात कोनाडा आणि कोनाड्यात मिणमिणता दिवा आला. आणि अशा रीतीने कोथरूडमधल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी आठवड्याभरात मनातल्या मनात एक दुमजली वाडा उभा केला. राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी ओळीने तीन रविवार जाऊन आलो. तिथल्या २०,००० हून अधिक वस्तूंपैकी दिव्यांसमोर माणसाने हळवे व्हावे हे समजण्यासारखे आहे. पण जन्मात कधी सुपारी न खाल्लेला मी अडकित्त्यांच्या कपाटासमोर डोळ्यांत पाणी आणून उभा होतो. चौथ्या रविवारी जुन्या बाजारातून जाते आणले. ते रिक्षातून लिफ्टपर्यंत आणताना आमच्या वॉचमनची कंबर धरली. जात्याला टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीने त्याचा दगड खडबडीत करावा लागतो, ती लावणारा माणूस शोधावा लागतो, आणि तोवर त्यातून पिठाऐवजी मुख्यतः आवाज निघतो, एवढी माहिती मिळवून ते आता गॅलरीत कुंडीखाली विसावले आहे.

आईचे बालपण शनिवार पेठेत, नदीच्या अंगाच्या एका खऱ्याखुऱ्या वाड्यात गेले. तेव्हा वाड्याबद्दल चार हळव्या आठवणी तिच्याकडून मिळतील, या आशेने मी तिला बोलते केले. "अकरा बिऱ्हाडं आणि दोन संडास," ती म्हणाली. "पहाटे टमरेल घेऊन रांगेत उभी राहायचे मी. तुला ओसरी दिसते, मला रांग दिसते." झोपाळा नव्हता का, असे मी चिकाटीने विचारले. झोपाळा होता, पण तो मालकांचा होता आणि भाडेकरूंच्या मुलांनी त्यावर बसलेले मालकांना चालत नसे. खांबांच्या खाचांत ढेकूण होते आणि ते मात्र सर्वांना सारखेच चालत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदी पेठांत शिरली आणि मातीच्या भिंतींचा तो वाडा बसला. "तुझे आजोबा रडले," आई म्हणाली. "आजी म्हणाली, आता नवीन जागा बघाल ती संडास आत असलेली बघा."

एवढे ऐकूनही माझी सारवलेल्या भुईची हौस फिटली नाही, म्हणून ती मी गॅलरीत फेडून घ्यायचे ठरवले. एका गोठ्यातून बादलीभर शेण आणले आणि शनिवारी सकाळी मोठ्या भक्तिभावाने फरशी सारवली. दुपारपर्यंत ती इतकी देखणी दिसत होती की मी तिचे फोटो नातेवाइकांना पाठवले. सारवण मातीला धरते, गुळगुळीत फरशीला धरत नाही, हे ज्ञान रविवारी झाले. शेण वाळले, त्याचे पापुद्रे सुटले आणि चैत्रातल्या वाऱ्यावर ते अलगद तरंगत खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर उतरले. सोमवारी लिफ्टशेजारच्या फळ्यावर सूचना लागली: "सदस्यांनी गॅलरीत जनावरे बांधू नयेत."

दरम्यान सुताची प्रगती यथातथाच होती. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात. आमच्याकडे अंगण नसल्यामुळे मी दोष टकळीला दिला. पेटी चरखा घ्यायचा, असे ठरवून मी त्याचा रीतसर अभ्यास केला. चांगल्या चरख्यासाठी अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ मध्ये एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते, आणि गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना घडीचा चरखा सुधारून घेतला, म्हणून त्याला येरवडा चक्र असे नाव पडले. म्हणजे ही वस्तू आपल्या पुण्याचीच, नदीपलीकडची. हे सर्व मी बायकोला जेवताना सविस्तर सांगितले आणि येरवड्यात त्यांचे काम कसे एकाग्रतेने झाले असेल, याकडे तिचे लक्ष वेधले.

"त्यांना तिथे संध्याकाळी भाजी आणायला कुणी पाठवत नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हाला मी पाठवतेय. मेथी आणा, आणि निवडूनही द्या. हातानेच निवडतात ती."

चरखा अजून आलेला नाही. पेळू मात्र संपत आले, कारण आईने त्यातले निम्मे मला न विचारता उचलले आणि दुपारच्या मालिका बघता बघता त्यांच्या फुलवाती वळून डबा भरून ठेवला. उरलेल्या कापसाचे मी पाच महिन्यांत जे काही केले, ते सगळे गाठी मारमारून एका पुठ्ठ्यावर गुंडाळले आणि दिवाणखान्यात, पाहुण्यांना दिसेल अशा बेताने ठेवले. पाहुण्यांना ते दिसले. एकाने त्यातल्या सुताने माझ्या देखत दात कोरण्याचाही प्रयत्न केला.

मग वटपौर्णिमा आली. आदल्या रात्री बायको पूजेचे तबक लावत होती. तिने फुले ठेवली, आंबा ठेवला, आणि इकडेतिकडे पाहून सरळ तो पुठ्ठा उचलला.

"अहो, हे सूत मी उद्या वडाला नेते."

माझा ऊर भरून आला. पाच महिन्यांत या घरात माझ्या कलेची कुणी पहिल्यांदाच मागणी केली होती. तरीही प्रामाणिकपणा सोडवेना. "ने की, अवश्य ने," मी म्हणालो, "पण तुला आधीच सांगून ठेवतो, ते सात फेऱ्या टिकणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच तुटेल."

"म्हणूनच नेतेय," ती म्हणाली.