सायकलवाल्यांचा सत्कार पुरे, म्हाताऱ्यांना गाडी द्या

सायकलफेरीची तारीख ठरायच्या आधी आमच्या ग्रुपवर टी-शर्टचा रंग ठरला. भगवा नको, निळा नको, हिरवाही नको. ज्याचं त्याचं कारण होतं. शेवटी एकमत झालं पांढऱ्यावर, जो आमच्या काळ्या मातीच्या रस्त्यांवर तासभरही पांढरा राहत नाही.

मार्ग असा: सेवाग्रामहून पहाटे निघायचं, हिंगणघाट, जाम ही गावं करत वरोरा, मुक्काम आनंदवनात. वर्गणी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. वाटेतल्या गावांतले रोटरी आणि लायन्सवाले चहा-नाश्ता, पाणी, मुक्काम बघणार.

या क्लबवाल्यांबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते खरंच आहे. पंपाची-पान्याची पेटी आणि ट्यूबचा ढीग घेऊन मागून येणारा छोटा हत्ती टेम्पो त्यांचाच असतो. बाभळीच्या काट्याला गिअरची सायकल आणि साधी सायकल सारखीच, त्यामुळे त्या गाडीशिवाय अर्धे लोक जामच्या अलीकडेच बसलेले दिसतील. तर्री-पोहे गरम मिळतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जिचा फोटो कोणी काढत नाही: बाया-मुलींसाठी रस्त्यालगतच्या एखाद्या सभासदाचं घर उघडं ठेवलेलं असतं. बाथरूमची सोय नसेल तर बाया येत नाहीत, हे त्यांना पुरुष सायकलवाल्यांच्या आधी कळलं.

पण सत्कार! एका तालुक्याच्या गावी आम्ही थंडीत घामाघूम होऊन पोचतो, तर तिथं मांडव. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय. शाळेची पोरं रांगेत ताटकळत उभी. घाम अंगावर वाळतो, पिंढऱ्या आखडतात, आणि पुन्हा सायकलवर बसेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. सायकलच्या हँडलला नारळ लटकवून पुढचा रस्ता कापणं काय असतं ते करून बघा. चौकातल्या एका आजोबांनी विचारलं होतं, ‘कायले एवढी सायकल हाकलून रायले जी? यष्टी बंद हाय काय?’ प्रास्ताविकापेक्षा हा प्रश्न मोलाचा होता.

कारण आमच्या वर्गणीचं गणितच मला अलीकडे पटेनासं झालंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट होतं. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून सुरू आहे. मग आजी आंधळी का राहते? गावातून सकाळची बस एक, ती चुकली की दिवस गेला. सोबत सून यायची तर तिची वेचणीची मजुरी बुडते, आणि डिसेंबरात कापूस काही आजीच्या डोळ्यासाठी थांबत नाही. ऑपरेशन झाल्यावर काही आठवडे थेंब टाकायचे, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, धूळ-धूर टाळायचा. घरात चूल आहे, अंगणात कापसाचा ढीग आहे, आणि दिवसातून अनेकदा थेंब टाकायला घरी कोणी नाही. तपासणीला पुन्हा जायचं म्हणजे पुन्हा तीच बस. ‘आता काय पाहाचं रायलं बापा’ म्हणून म्हातारं माणूस विषय संपवतं.

म्हणजे अडतं ते घर ते दवाखाना आणि परत, एवढ्याच तुकड्यावर. तिथं आम्ही सायकलवाले काही कामाचे नाही, आम्ही एका दिवसात निघून जातो. गावातला क्लब तिथंच राहतो. त्याच्याकडे गाड्या आहेत, मेडिकल स्टोअरवाले सभासद आहेत, गावोगावच्या आशाताईंशी ओळख आहे. मांडवावर जेवढी धावपळ होते तेवढी या तुकड्यावर झाली तर?

हे क्लबांना नवीन शिकवायचं नाही. स्वतः अंध असलेल्या हेलन केलर यांनी लायन्सना अंधत्वाविरुद्ध उभं राहायची हाक दिली ती १९२५ साली. रोटरीनं पोलिओचं काम १९८५ मध्ये हाती घेतलं. भारतात २०११ नंतर नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओचा रुग्ण नाही आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पैसा लागलाच, पण त्यासोबत रविवारी सकाळी बसस्टँडवर, वीटभट्टीवर जाऊन पोरं बूथपर्यंत आणणारी माणसंही लागली.

आणि आपण मुक्कामाला जातो ते आनंदवन तर बाबा आमट्यांचं. १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे तरुणांना सायकलवर घेऊन निघालेला हा माणूस. पाठीच्या दुखण्यामुळे स्वतः गाडीत आडवा होऊन गेला, पण गेला. त्या वाटेवर जाऊन आपण शाली गोळा करायच्या?

तर यंदा बैठकीत मी हे मांडणार आहे. टी-शर्ट, नाश्ता, डिझेल सगळं आमच्या प्रवेश फीतून. लोकांनी दिलेल्या वर्गणीतला रुपयाही त्यात जाऊ नये आणि हिशेब ग्रुपवर टाकावा. वर्गणी जावी म्हाताऱ्यांच्या ने-आणीवर, थेंबांवर, काळ्या चष्म्यांवर आणि सोबत येणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीवर. मजुरी दिली तर लोक नाराज होतील म्हणे, ‘सेवेचे पैसे कसले?’ होऊ द्या. सुनेनं दिवसाचा रोज सोडायचा आणि सेवा मात्र आपली, हे बरोबर नाही.

सत्काराऐवजी प्रत्येक थांब्यावर क्लबनं फक्त एक यादी द्यावी: आपल्या भागातल्या कोणाकोणाला डोळ्यांच्या तपासणीला न्यायचंय. शाळेच्या पोरांना वर्गात बसू द्यावं.

हिंगणघाट, समुद्रपूर, वरोरा भागात ज्यांची चारचाकी आठवड्यातली एखादी सकाळ रिकामी असते त्यांनी मेसेज करा. चालक नसेल तर आमच्यातले दोघं-तिघं तयार आहेत. गाडीत मागं जागा मात्र मोकळी पाहिजे, आजीसोबत डबा, पिशवी आणि निदान एक नातू येतोच.